रात्रभर बसून

"मॅडम, आडवं पडलं की यांच्या छातीत सुरी फिरते. मग उशी मांडीवर घेऊन पुढं वाकून रात्रभर बसून राहतात." दादा गप्प होते, बोलत होत्या त्या वहिनीच.

तीन आठवड्यांपूर्वी रिक्षा धडकली, हँडल छातीत बसलं. एक्स-रे काढला, बरगड्या शाबूत. मुका मार म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्या दिवसापुरतं ते ठीकच होतं. पण आता बारीक ताप, श्वास घेताना कळ.

दादांना पुढं वाकवलं, श्वास रोखायला सांगितला. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला ठोक्यांबरोबर कोरडी खरखर. स्पष्ट! ईसीजीत जवळपास सगळ्या लीड्समध्ये, म्हणजे हृदयाकडे बघणाऱ्या जवळपास प्रत्येक बाजूनं, आलेखाचा एसटी हा भाग वर उचललेला, पीआर हा भाग खाली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी, ट्रोपोनिन, नॉर्मल. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती थोडं पाणी.

पेरिकार्डायटिस. हृदयाच्या आवरणाला सूज. मार लागल्यावर ती काही आठवड्यांनीही येऊ शकते, आणि एक्स-रे अगदी नॉर्मल असू शकतो. पाणी वाढून हृदयावर दाब आला तर जिवावर बेततं. वेळेत कळलं तर बहुतेकांना सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि कोल्चिसिनवर आराम पडतो. दादांना आज दाखल करून घेतलंय.

पण डोक्यातून जात नाहीये ते वेगळंच. उशीचं वहिनींनी आधीही दोन ठिकाणी सांगायचा प्रयत्न केला होता. दोन्हीकडे एकच उत्तर, "तुम्ही बाहेर थांबा, पेशंटला बोलू दे."

रात्र रात्र जागून बघणाऱ्या माणसाला आपण बाहेर का बसवतो?