चिखलदऱ्याचं घर विकताना: दाखवायचं तर पावसात दाखवा

आमचं चिखलदऱ्याचं घर शेवटी विकलं, 2025 च्या जूनमध्ये रजिस्ट्री झाली, आणि तेव्हापासून कोणी ना कोणी फोन करून विचारतंच की ताई तिकडं घर घ्यायचंय, भाव काय चाललाय, कोणी ओळखीचं विकणारं आहे का. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू. भाव मात्र मला विचारू नका, कारण तिथं तीस पावलांवरच्या दोन घरांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, एकाच्या दारात नळ येतो आणि दुसऱ्याच्या येत नाही, एवढ्यावरच.

बाबा नोकरीनिमित्त तिकडं गेले आणि तिथलेच झाले. साधारण अकराशे मीटर उंचीवरचं गाव, आपल्या अख्ख्या विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हणजे हेच, खाली परतवाड्यात मे महिन्यात अंगाची लाही होत असते आणि वर रात्री चादर लागते. त्यामुळं खालच्या माणसाला एकदा तरी वाटतंच की इथं आपलं एक छोटंसं घर असावं. दिवाळीच्या आसपास आला की वाटतं. आभाळ निळंशार, देवी पॉइंटवर वारा, बागेत कॉफीची झाडं दाखवायची, मोथ्याची रबडी खायची, आणि परत जाताना घाट उतरता उतरता माणूस दलालाला फोन लावतो.

आमचा पहिला गिऱ्हाईक अगदी असाच आला. 2022 चा ऑक्टोबर. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, आई माझ्याकडं अमरावतीला आली होती, घर बंद होतं. दादानं आधी आठवडाभर जाऊन रंग मारला, पश्चिमेच्या भिंतीला पुट्टी भरून वर डबल हात दिला, फिनाइल टाकून फरशी धुतली आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. घर इतकं सुंदर दिसत होतं की मलाच वाटलं कशाला विकायचं. त्या गृहस्थांनी अर्ध्या तासात होकार दिला, 34 लाखांत सौदा ठरला, इसारचिठ्ठी (आगाऊ रकमेचा करार) झाली, दोन लाख इसार मिळाला. आम्ही पेढे वाटले.

मग त्यांच्या वकिलानं कागद मागितले आणि तिथं गाडी अडली. आमचा प्लॉट नझूलचा, म्हणजे जमीन सरकारची आणि आपल्याकडं भाडेपट्ट्यानं. घर आपलं, खालची जमीन नाही. विदर्भातल्या गावोगावच्या जुन्या वस्तीत हा प्रकार आहे आणि तरी कितीतरी लोकांना स्वतःच्या घराबद्दल हे माहीत नसतं, घरटॅक्सची पावती आपल्या नावावर आली की घर आपलं झालं असंच वाटतं. टॅक्स पावती मालकीचा पुरावा नाहीच, ग्रामपंचायतीचा नमुना आठ पण नाही, तो फक्त कर आकारणीचा उतारा आहे. पाहायची असते ती आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. त्यावर सत्ताप्रकार (जागा कोणत्या हक्कानं आहे) काय लिहिलाय, पट्टा कधी संपतो, शर्तभंगाची, म्हणजे पट्ट्याच्या अटी मोडल्याची, काही नोंद आहे का, हे सगळं. आमच्या पत्रिकेवर पट्ट्याची मुदत कधीच संपलेली होती. बाबांनी नूतनीकरण केलंच नव्हतं, आणि आम्हा तिघा भावंडांपैकी एकानंही बाबा असताना तो कागद कधी हातात घेऊन वाचला नव्हता. हे मला आजही लागतं. आणि पट्ट्याची जागा कलेक्टरच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे मुदत संपलेली, परवानगी नाही, आणि पत्रिकेवर नाव अजून बाबांचंच.

तर आधी वारस नोंद. आई, दादा, मी आणि धाकटी, चौघांची नावं. इथं एका जवळच्या नातेवाइकांनी सुचवलं की पोरींचं हक्कसोडपत्र, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, करून घ्या, सह्या कमी लागतील, काम सोपं होईल. हे आपल्याकडं इतक्या सहज बोललं जातं की पोरी पण मान डोलावतात. आई भाजी निवडत होती, तिनं मान पण वर केली नाही. "कायले? तिघंही माह्येच हायेत. सह्या चार लागतील त चार जन जाऊ." विषय संपला. (हक्कसोड रजिस्टर करावंच लागतं आणि एकदा केलं की ते सहजासहजी मागं घेता येत नाही, म्हणून बायांनो, कोणी चहा देता देता सही मागितली तर आधी वाचा.)

या सगळ्यात 2023 चा जुलै उजाडला. आणि ते गृहस्थ म्हणाले तोवर आम्ही घरच्यांना घेऊन एक रात्र राहून पाहतो, चावी द्या. नाही कसं म्हणणार.

चिखलदऱ्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. तो वरून पडतोच, पण धुकं होऊन दारातून आतही येतो. चार चार दिवस सूर्य दिसत नाही, समोरचं घर दिसत नाही, वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशी दमट तो दमटच. घराची जी भिंत पश्चिमेला असते ती अख्खा पावसाळा मार खाते, म्हणून जुनी माणसं त्या बाजूला बांबूचे तट्टे लावायची, आता प्लास्टिक बांधतात. आमच्या भिंतीवर दादाचा ऑक्टोबरचा रंग फुगून पापड झाला होता, बोट लावलं की पोपडा हातात यायचा आणि आत पुट्टी ओल्या कणकेसारखी. वर टिनांच्या दोन जे-बोल्टांचे वॉशर गेलेले, तिथून थेंब थेंब पाणी नेमकं पलंगावर. सकाळी त्यांचा फोन आला, आवाज चढलेला नव्हता, उलट फार हळू बोलले, म्हणाले रात्रभर पोरं झोपली नाहीत, मला हे जमणार नाही.

दादा म्हणाला सौदा त्यांनी मोडला, इसार आपला. रिवाज तसाच आहे, घेणारा मागं हटला की इसार जातो. दोन दिवस घरात याच्यावरून भांडण. शेवटी आईच म्हणाली, "त्या मान्साले आपन पावसातलं घर दाखोलंच नाई. मंग त्याची चूक कशी? पैसे वापस कर." दादानं केले. मला त्या दिवशी जे कळलं तेच मी सगळ्यांना सांगते: पहाडावरचं घर विकायचं असेल तर पावसात दाखवा, घ्यायचं असेल तर पावसात पाहा, आणि जमलं तर मे महिन्यात पुन्हा एकदा जा. पावसात छत आणि भिंत कळते, मे मध्ये पाणी कळतं. एवढा पाऊस पडतो पण सगळा उतारानं खाली धावतो, खाली काळा पाषाण, बोअरला पाणी लागेलच याची खात्री नाही. आमच्या घरी बाबांनी मागच्या अंगणात हौद बांधून घेतला होता, उन्हाळ्यात दोन महिने आम्ही त्याच्यावर काढायचो, भांडी घासलेलं पाणी मोरीतून मोगऱ्याला जायचं. हौद केवढा आहे हे विचारणारा गिऱ्हाईक मला दोन वर्षांत एकच भेटला.

त्याच्याआधी दलालांबद्दल थोडं. सगळे वाईट नसतात, आमची चावी सांभाळणारा एक पोऱ्या तर सोन्यासारखा होता. पण एकानं माझ्या मावसभावाला जे दाखवलं ते ऐकून मला फार राग आला होता आणि अजूनही येतो. गावापासून थोडं लांब, दरीच्या तोंडाशी, एका कोरकू आदिवासी कुटुंबाचं वावर. म्हणे नाव त्याचंच राहू द्या, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करू, तुम्ही फार्महाऊस बांधा, स्वस्तात मिळते. मी भावाला बसवून सांगितलं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 36 आणि 36 अ मध्ये ते आहे, शिवाय अशा गेलेल्या जमिनी परत देण्याचा 1974 चा वेगळा कायदा आहे. ते सोडलं तरी, विदर्भासाठी कुळवहिवाटीचा 1958 चा वेगळा कायदा आहे, त्याच्या कलम 89 प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. आणि नोटरीनं मालकी बदलत नाही, शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराची विक्री रजिस्टर झालीच पाहिजे, मुखत्यारपत्र आणि करारनाम्यावर घर विकत घेतलं असं होत नाही हे सुप्रीम कोर्टानंही 2011 मध्ये सांगून टाकलंय. पण कायद्याच्या आधी माणूस पाहा ना. त्या कुटुंबाकडं तेवढंच वावर आहे, मेळघाटात आधीच जमीन किती आणि जंगल किती, त्यातलं ते पण आपण शनिवार-रविवारच्या हवेसाठी घ्यायचं? भावानं नाद सोडला. तिथं आजूबाजूला व्याघ्र प्रकल्प आहे, काही भागाच्या बांधकामाचं नियोजन सिडको या सरकारी महामंडळाकडं आहे, त्यामुळं मोकळी जागा घेणाऱ्यानं तर बांधकामाची परवानगी कोण देणार आणि मिळणार का हे आधी विचारून घ्यावं, मगच इसार द्यावा. पूर्व विदर्भात घेणाऱ्यांनी सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहिलंय का ते पण बघा, मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या जमिनी वनजमिनीच आहेत असा निकाल दिलाय.

तर आमचं घर. 2024 मध्ये नागपूर आणि अमरावती विभागातल्या रहिवासी नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना निघाली, कमी रक्कम भरून जागा भोगवटादार वर्ग 1, म्हणजे पूर्ण मालकीची, करून घ्यायची सोय. वर्ग 1 झाली की विकायला दरवेळी परवानगीची गरज नाही. आम्ही अर्ज टाकला, चलन भरलं, फायली घेऊन दादानं किती चकरा मारल्या ते तोच जाणे.

आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती आली. तिथंच नर्स आहे, चार वर्षं भाड्यानं राहत होती, माहेर धारणीकडचं. मी मुद्दाम झड लागलेल्या आठवड्यात बोलावलं. दादाला म्हटलं या वेळी रंग नाही, काही नाही, आहे तसं. ती रेनकोट बाहेर काढून आत आली आणि समोरच्या खोलीत थांबलीच नाही, सरळ पश्चिमेच्या भिंतीपाशी गेली. उघडा तळहात भिंतीवर ठेवला, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत, ताप बघावा तसा. कमरेच्या वर भिंत कोरडी होती. मग मला म्हणाली, "ताई, कपाटाचा खालचा खन उघडा न जी." मी उघडला. तिनं आत तोंड घालून वास घेतला. बाबांचं जुनं स्वेटर होतं तिथं, ते हातात घेऊन उलटं करून पाहिलं, बुरशी कुठवर आली ते. मला भरून आलं एकदम, पण ती आपल्या कामात होती. "ओल त इथं सगळ्यायच्याच घरी हाय," ती म्हणाली, "किती हाय ते पाहाचं होतं." मग मागं जाऊन हौदात काठी घातली आणि विचारलं किती ड्रम बसतात.

सौदा 29 लाखांत झाला. दादाला पाच लाख कमी झाल्याचं वाईट वाटलं, वाटणारच, पण मी म्हटलं ते 34 आपल्याला मिळालेच कधी होते? तिनं पन्नास हजार इसार दिला आणि आमचा कागद मोकळा होईस्तोवर जवळजवळ दहा महिने थांबली. इसारचिठ्ठीत आम्ही साफ लिहिलं होतं की जागा वर्ग 1 झाली नाही तर इसार पूर्ण परत. तिच्या वकिलानं तीस वर्षांचा सर्च काढला, म्हणजे जुन्या नोंदी तपासल्या, पेपरात जाहीर नोटीस दिली, मग बँकेनं लोन मंजूर केलं. घर तिनं एकटीच्या नावावर घेतलं. बाईच्या नावावर राहतं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, 2021 पासून, 29 लाखांवर 29 हजार वाचतात, आणि तेवढ्यात टिनांचं काम होतं असं तीच म्हणाली. रजिस्ट्रेशन फी एक टक्का, ती जास्तीत जास्त 30 हजार.

रजिस्ट्रीच्या दिवशी आम्ही चौघंही गेलो. धाकटी पुण्याहून आली. आईचा अंगठा मशीनवर उमटेना, भांडी घासून घासून रेघा गेलेल्या, तीनदा पुसून चौथ्यांदा उमटला. फोटोच्या वेळी तिनं डोक्यावर पदर घेतला. बाहेर आल्यावर तिनं त्या नर्सच्या हातात घराची चावी दिली, आणि हौदाच्या झाकणाच्या कुलपाची एक छोटी चावी गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला होती, ती दातानं दोरा तोडून काढली. पाच वर्षं ती चावी तिच्या गळ्यात होती हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये कामानिमित्त वर गेले तेव्हा घरावरून गेले. टिनांवर नवे बोल्ट, त्यांच्याभोवती डांबराचे काळे ठिपके, पश्चिमेला नवे तट्टे घट्ट बांधलेले. तिनं आत बोलावलं. कपाट त्या भिंतीपासून काढून पूर्वेच्या भिंतीला लावलं होतं. चहा पिता पिता आईचा फोन आला, कुठं आहेस म्हणून, मी सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "हौद भरला का इचार."

भरला होता, काठोकाठ.