शीघ्रपतनाचे उपचार आणि केसपेपरची खिडकी

आंबा उतरून झाला आणि मिरगाच्या आत हे काम उरकायचंच असं ठरवलं. इस्पितळ देवगडकडच्या आमच्या गावातून एसटीने दीड तासावर. एका खेपेत होणाऱ्या कामाला मला तीन खेपा लागल्या, त्या केसपेपरच्या खिडकीपायी. अजून आठवलं की संताप येतो.

लग्नाला चार वर्षं झाली. पहिल्यापासूनच मिनिटभरात संपायचं. बायको कधी बोलली नाही, मीच जवळ जायचं टाळू लागलो. स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर लावून पुड्या मागवल्या. त्यांवर ना कंपनीचं नाव, ना आत काय आहे ते. सहा हजार गेले. असल्या पुड्या कुणीही घेऊ नयेत.

पहिल्या दिवशी रांगेत माझ्या मागे आमच्याच वाडीतले एक काका, बीपीच्या गोळ्यांसाठी आलेले. खिडकीतून विचारणा झाली, "काय होता?" मी हळू म्हटलं, "जरा खाजगी हा." "मोठ्यान सांगा, ऐकाक येना नाय." मागची रांग गप्प झाली. मी म्हटलं, "पोटात दुखता." झालं, भलत्याच ओपीडीत गेलो, टेबलाभोवती सातआठ पेशंट उभे, तिथे तोंड उघडलंच नाही. पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी आलो.

दुसऱ्या खेपेला "लघवीचो त्रास" सांगितलं. लघवी तपासली, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. "तुम्हाला काही झालेलं नाही," म्हणाले. सबंध दिवस बाकावर गेला आणि मूळ दुखणं तसंच.

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कागदार लिवन द्या, आणि मी येतंय." चिठ्ठीवर लिहिलं: 'लैंगिक तक्रार आहे, डॉक्टरांशीच बोलेन.' खिडकीतल्या बाईंनी वाचली, घडी घालून परत दिली, केसपेपरवर खोली लिहिली. अर्ध्या मिनिटाचं काम! त्या बाईंवर माझा राग नाही. पण तक्रार लिहून दिली तरी चालते अशी एक पाटी तिथे लावायला काय हरकत आहे? माझ्यासारखे किती जण पोटदुखी सांगून परत गेले असतील. तुम्ही जाल तेव्हा चिठ्ठी घरूनच लिहून न्या.

खोली मानसोपचाराची निघाली. पाय अडखळला, पण या तक्रारीवर मानसोपचारतज्ज्ञ उपचार करतात, मूत्रविकारतज्ज्ञ आणि त्वचा-गुप्तरोगवालेही करतात. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. कधीपासून, अंदाजे किती वेळ, ताठरता नीट येते का, दारू किती, एवढंच विचारलं. पहिल्यापासून साधारण मिनिटभरात होणं हा एक प्रकार. आधी ठीक असून नंतर वेळ घटणं हा दुसरा, त्यात थायरॉइड, प्रोस्टेटची सूज, ताठरतेची अडचण हेही बघतात. माझा पहिला. पाच देशांतल्या जोडप्यांनी घड्याळ लावून मोजलेल्या वेळांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांनी सांगितला. मधली वेळ सुमारे साडेपाच मिनिटं. मी मनात अर्धा तास धरून बसलो होतो! धातू गेल्याने अंगातलं बळ जातं, ही लहानपणापासून ऐकलेली भीतीही तिथेच सुटली.

उपचार साधे. शेवटच्या क्षणाच्या आधी थांबायचं, ओसरू द्यायचं, पुन्हा सुरू करायचं. १९५६ पासून ही पद्धत माहीत आहे. जोडीला डॅपॉक्सेटिनची ३० मिलीग्रॅमची गोळी, संबंधाच्या एक ते तीन तास आधी, भरपूर पाण्यासोबत. चक्कर, मळमळ होऊ शकते, म्हणून आधी झोपवून आणि उभं करून बीपी मोजलं. दारूसोबत ती घ्यायची नाही. हृदयविकार असेल किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणू नका.

तीन महिने झाले. आता चारपाच मिनिटं जातात, गोळी क्वचित लागते. थांबण्याचा सराव बायकोच्या साथीशिवाय जमलाच नसता, तिला सोबत न्या.

आणि हो, मला दिलं होतं तसं शिश्नाला लावायचं बधिर करणारं क्रीम दिलं तर संबंधाआधी ते धुऊन टाका किंवा निरोध वापरा. आम्ही पहिल्या दिवशी विसरलो आणि तिलाही बधिरपणा आला.