तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकन लोकांना ठासणीच्याच बंदुका का देत नाहीत?

मे महिन्यात कुडाळला गेलो की पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न येतोच, आणि अमेरिकेत कुठे मोठा गोळीबार झाला की फोनवरही येतो. मागच्या खेपेला पडवीत फणस कापत बसलो होतो, हाताला तेल चोपडलेलं, तर मावसभाऊ म्हणतो, "काय रे, तुमच्या अमेरिकेची ती राज्यघटना लिहिली तेव्हा बंदुका कसल्या होत्या, आपल्या आजोबांची होती तसल्याच ना, मग सांगा त्यांना की बाबांनो तसल्याच ठेवा, मगे प्रश्नच मिटलो!" सगळे हसले, मीपण हसलो, उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात चहा आला आणि गाडी काजूच्या भावावर गेली. उत्तर राहिलं ते राहिलंच. म्हणून आता सविस्तर लिहितोय.

आधी आजोबांच्या बंदुकीचं. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक, रात्री डुकरं आली की बार काढायचा, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती जपून ठेवायची. पण ती बंदूक अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या (शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी तीच) काळातली नव्हे, त्याच्या एक पिढी पुढची. आजोबा घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी देणारी बारकी टोपी, लावायचे, घोडा पडला की केप फुटायची आणि बार व्हायचा. ही केप एकोणिसाव्या शतकात आली. दुरुस्ती मंजूर झाली डिसेंबर 1791 मध्ये, तेव्हा चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुका होत्या. म्हणजे मावसभावाचा हिशोब धरला तर अमेरिकन माणसाला आजोबांची बंदूकसुद्धा मिळणार नाही.

चकमकीची बंदूक म्हणजे काय प्रकरण असतं ते मी स्वतः बघितलंय, कारण मी राहतो पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या जवळ, आणि अठराव्या शतकात इथल्याच जर्मन कारागिरांनी ती प्रसिद्ध लांब नळीची रायफल बनवली. इथे ख्रिसमसनंतर हरणाच्या शिकारीचा एक वेगळा सीझन असतो, फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी. शेजारचे एक रिटायर्ड गृहस्थ त्याची तयारी दोन महिने आधीपासून करतात. एकदा मला म्हणाले ये, एक बार काढून बघ. आधी दारू मापून नळीत ओतायची, मग तेलकट फडक्याच्या तुकड्यात शिशाची गोळी ठेवून ती नळीच्या तोंडात दाबायची, मग लाकडी गजाने तळापर्यंत ठासायची, आणि ठासताना चेहरा नळीवर आणायचा नाही, यावर ते तीनदा ओरडले. मग बाजूच्या कानात चिमूटभर बारीक दारू, म्हणजे आपली रंजक, वर झाकण, घोडा मागे, नेम, चाप. गारगोटी आपटली, ठिणगी पडली, डोळ्यांसमोर रंजक भस्सकन जळाली आणि पुढे काहीच नाही! फुसका बार. हा शब्द मी आयुष्यभर राजकारण्यांच्या भाषणांसाठी वापरला, तो बंदुकीतून आलाय हे तिथे थंडीत उभं राहून कळलं. त्यांनी सुईने कानाचं भोक साफ केलं, दुसऱ्यांदा बार झाला, पांढऱ्या धुराचा ढग, सडक्या अंड्याचा वास आणि टार्गेट जसंच्या तसं. एका गोळीला माझी पाचेक मिनिटं गेली. त्या काळचा शिकलेला सैनिक गुळगुळीत नळीच्या मस्केटमधून मिनिटाला तीन बार काढायचा, पण शंभर यार्डांपलीकडे नेम म्हणजे नशिबाचा भाग. रायफल दुप्पट लांब नेमकी मारायची, पण भरायला जास्त वेळ.

आता गंमत बघा. ही बंदूक शेजाऱ्यांना कुरिअरने घरपोच आली. 1968 च्या केंद्रीय कायद्यात 1898 किंवा त्याआधीच्या बंदुका, आणि काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या नव्या प्रतिकृतीसुद्धा 'फायरआर्म' या व्याख्येत बसतच नाहीत. काही राज्यांचे आपले वेगळे नियम आहेत, पण केंद्राच्या लेखी दुकानातला बॅकग्राउंड चेक वगैरे काही नाही. आजोबा त्याच जातीच्या बंदुकीची पावती ट्रंकेत कुलपात ठेवायचे.

तर मूळ प्रश्न, तेवढ्याच का नाही ठेवत. सुप्रीम कोर्टाने याचं उत्तर 2008 मध्ये बंदुकीच्या हक्कावरच्या हेलर खटल्यात देऊन टाकलंय, 5 विरुद्ध 4 मतांनी. जस्टिस स्कालिया यांनी लिहिलं की फक्त अठराव्या शतकातल्या शस्त्रांनाच संरक्षण आहे हा युक्तिवाद जवळजवळ पोरकट आहे, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य जसं आजच्या साधनांनाही लागू आहे तसंच हे. मला त्यांची बरीच मतं पटत नाहीत पण हे पटतं. मी हे फोनवर टाइप करतोय, कुणी म्हणालं की बोरू घे, तरच तुझा हक्क, तर मी ऐकणारे का?

आणि 'फक्त मस्केट ठेवा' म्हणणाऱ्यांची दुसरी पंचाईत अशी की 1792 च्या मिलिशिया (नागरिकांची फौज) कायद्याने 18 ते 45 वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या पुरुष नागरिकाने स्वतःच्या खर्चाने मस्केट, संगीन, दोन जादा गारगोट्या आणि 24 काडतुसांची थैली घ्यावी असा हुकूमच होता. म्हणजे त्या काळात ते लढाईचंच हत्यार होतं, काही शिकारीचं खेळणं नव्हे. "तेव्हाच्या लोकांना साध्या बंदुका अभिप्रेत होत्या" म्हणायला गेलं की समोरचा हा कायदा काढतो आणि आपण गप्प.

बंदूकवाले मात्र उलट्या बाजूला फार ताणतात. इथल्या वादात एक नाव हमखास येतं, गिरार्दोनी. ऑस्ट्रियन सैन्याची हवेवर चालणारी रायफल, साधारण 1780 ची, वीसेक गोळ्या एकापाठोपाठ मारायची. लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघाले तेव्हा अशी एअर रायफल बरोबर होती, वाटेत भेटणाऱ्या जमातींना मारून दाखवायला. मग पकलची तोफवजा बंदूक, लंडनचं 1718 चं पेटंट, त्यात ख्रिश्चनांवर गोल गोळ्या आणि तुर्कांवर चौकोनी गोळ्या अशी सोय होती (खरंच, पेटंटातच आहे!). आणि 1777 मध्ये बेल्टन नावाच्या माणसाने अमेरिकेच्या काँग्रेसला (तिथल्या संसदेला) अनेक बार काढणारी बंदूक देऊ केली, काँग्रेसने शंभर मागवल्या आणि किंमत ऐकून ऑर्डर रद्द केली. यावरून निष्कर्ष काय, तर बघा, घटनाकारांना 30 गोळ्यांचं मॅगझिन ठाऊक होतं. अरे पण गिरार्दोनीच्या दस्त्यात हवा भरायला हातपंप हजारवर वेळा मारावा लागायचा, झडप नाजूक, सैन्यानेच ती पुढे बाजूला ठेवली. कुणाच्या फडताळात होती ती? प्रदर्शनात एक इलेक्ट्रिक मोटार बघितलेल्या माणसाला आजचं ट्रॅफिक ठाऊक होतं म्हणण्यासारखं झालं हे.

माझं म्हणणं असं आहे की जुन्या बंदुकीचा आजच्या वादाशी संबंध आहे, पण तो 'कुठली बंदूक चालेल' इथे नाही. तो तेव्हाच्या कायद्यांमध्ये आहे. काळी दारू ओल धरते आणि नळी खाते, त्यामुळे बंदूक महिनोन्‌महिने भरून उशाला ठेवायची सोयच नव्हती. नवराबायकोचं भांडण झालं, डोक्यात सणक गेली, तर हाताला कुऱ्हाड आधी लागणार, कारण बंदूक भरेपर्यंत शेजारी येतात. मग सरकारला त्यावर कायदा करायची गरजच काय? गरज होती तिथे केलाच की. मॅसेच्युसेट्सने 1783 मध्ये बॉस्टन शहरात घरात भरलेली बंदूक ठेवायला बंदी घातली, कारण आग लागली तर विझवायला आलेल्यांच्या जिवावर बेतायचं. हेलर खटल्यात जस्टिस ब्रेयर यांनी विरोधी मतात हा कायदा पुढे केला, स्कालियांनी तो आगीपुरता म्हणून बाजूला सारला.

आणि मग 2022 चा ब्रूएन निकाल आला. घराबाहेर बंदूक बाळगायला खास कारण दाखवा, हा न्यूयॉर्कचा शंभरावर वर्षं जुना परवान्याचा नियम गेला, आणि जस्टिस थॉमस यांनी कसोटीच बदलली: आजचा बंदूक कायदा टिकायचा असेल तर सरकारने इतिहासात त्याच्यासारखा कायदा दाखवावा. ऐकायला साधं वाटतं. पण इतिहासात कायदे होते ते तेव्हाच्या बंदुकीच्या मापाने शिवलेले, त्या बंदुकीला जमतच नव्हतं त्यावर कुणी कशाला बंदी घालेल? कोर्टाला तिथे कायदा दिसत नाही, तो बंदुकीच्या अडचणीमुळे नव्हता, आणि आज तो लोकांचा हक्क म्हणून वाचला जातो.

याचं टोक रहिमी खटल्यात दिसलं. टेक्सासमधला माणूस, त्याच्याविरुद्ध घरगुती हिंसाचाराचा संरक्षण आदेश, अशांनी बंदूक ठेवू नये असा 1994 चा कायदा. खालच्या अपील कोर्टाने 2023 मध्ये तो कायदाच उडवला, का तर जुन्या काळात असा कायदा सापडत नाही. बायकोला मारणं हाच तेव्हा धड गुन्हा नव्हता तर सापडणार कसा! जून 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 1 ने तो निकाल फिरवला. चीफ जस्टिस रॉबर्ट्स यांनी लिहिलं की हे कायदे राळेत अडकलेल्या किड्यासारखे गोठलेले नाहीत, हुबेहूब जुळा नको, तत्त्व जुळलं की पुरे. एकटं विरोधी मत थॉमस यांचं. जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवरच्या बंदीवरून मात्र अजून चालूच आहे, 2025 मध्ये नाइन्थ सर्किट या अपील कोर्टाच्या एका जजसाहेबांनी विरोधी मताबरोबर चक्क स्वतःच्या चेंबरमध्ये पिस्तुलं हाताळून दाखवल्याचा व्हिडिओच टाकला. पेटंट ऑफिस झालंय कोर्टाचं.

जाता जाता एक. इथे नेमबाजीच्या रेंजवर मी भारतीय म्हटल्यावर एकाने मला गांधीजी ऐकवले, की इंग्रजांच्या काळ्या कृत्यांत सर्वांत काळं म्हणजे शस्त्रबंदीचा कायदा. वाक्य त्यांचंच आहे, पण 1918 च्या पत्रकातलं, इंग्रजांच्या सैन्यात भरती व्हा असं गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या लोकांना सांगताना लिहिलेलं. मी एवढं सांगितलं तर गृहस्थ म्हणाले, मग तर आणखीच छान.

तर भाऊ, पुढच्या मे महिन्यात ठासणीची बंदूक काढू नकोस. विचारायचंच असेल तर हे विचार की ती बंदूक भरायला मला पाच मिनिटं लागली, ती पाच मिनिटं कायद्यात कुठे धरली. आणि तुझा दुसरा प्रश्न, माझ्याकडे आहे का? नाही. शेजारी दर थंडीत विचारतात, मी दर थंडीत म्हणतो की बार काढायला येतो, पण नंतर गरम पाण्याने नळी धुवायला लागते तेव्हा मला घरी काम असतं.