बदल हवा, पण कोणाच्या हातचा?

"एवढा पैसा देतात, पण या बड्या लोकांना समाज बदललेला खरंच हवा असतो का हो?" नागपुरात सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी द्यायच्या, निधीवर संस्था चालवणारे हे हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: हवा असतो, पण निर्णय त्यांच्या हातात राहील तेवढाच. त्यासाठी कोणाच्या मनात शिरायला नको, करारनामा वाचला की कळतं.

मुळात हे दान नव्हेच. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आदल्या वर्षी कंपनीचं नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही गाठलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावेच लागतात. हा पैसा कशावर खर्चायचा त्याची यादी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये आहे, तिच्यात आरोग्य-शिक्षणाबरोबर मागास घटकांच्या वाट्याची विषमता कमी करणंही आहे. तरी बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांच्या आसपासच्या शाळेसाठी बाकं, डिजिटल फळा मागा, लवकर होकार येईल. ठेकेदारी कामगारांना किमान वेतन मिळतं का हे पाहणारं केंद्र मागून बघा!

शिक्षिकेचं मानधन मात्र "पाच टक्क्यांचा नियम आहे" म्हणून कापलं जातं. इथे गप्प बसू नका. ती मर्यादा कंपनीच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पात थेट राबणाऱ्या माणसांचा पगार त्यात धरत नाहीत. दुसरी अडचण मार्चची. पैसा फेब्रुवारीत येतो आणि ३१ मार्चच्या आत बिलं मागतात, मग फळे भिंतीवर लागतात आणि शिकवायला कोणी नसतं. कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्प 'चालू' (ongoing, म्हणजे एका वर्षापलीकडे चालणारा) म्हणून मंजूर केला असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. म्हणून प्रस्तावातच वर्षवार हप्ते मांडा. नंतर कोणी ऐकत नाही.

अपवाद आहेत, आणि तेही आपल्याच भागातले. नागपुरातली टाटांची कापड गिरणी, एम्प्रेस मिल, १८७७ ची. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. देशात भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये. कामगार टिकावेत ही मालकाची गरज होतीच, त्यात कामगाराचंही भलं झालं. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांचं मला त्याहून मोठं वाटतं. १९२८ मध्ये वर्ध्याचं घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी सनातन्यांचा विरोध पत्करून अस्पृश्यांना खुलं केलं. तिथे पैशाचा प्रश्नच नव्हता. आत कोणी यायचं हे ठरवण्याचा हक्क सोडायचा होता. (१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जमलेले लाखो लोक कोणा शेटजीला विचारून आले नव्हते, हेही खरं.)

तेव्हा सही करण्याआधी करारात दोन गोष्टी घाला. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभा ठरवेल, कंपनी नाही. आणि ३० दिवसांच्या नोटिशीवर निधी थांबवण्याचं कलम असेल, तर ते ९० दिवसांचं करा, शिवाय सुरू झालेली बॅच पूर्ण होईपर्यंत पैसा येत राहील असं लिहून घ्या. मसुदा परत आला की रकमेचा आकडा नंतर बघा. आधी कोणती ओळ खोडलीय ते बघा.