बाळाचं पहिलं वर्ष: लंगोट, नाचणी आणि लशीचा वार

एक डायपर १० रुपयांचा धरला आणि दिवसाला ८ लागले, तर महिन्याचे २,४०० रुपये होतात. दिवसभर लंगोट आणि रात्री एकच डायपर असं केलं की हाच खर्च ३०० ते ४०० वर येतो. रात्रीही लंगोटच लावायचा हट्ट धरू नका. आईची उरलीसुरली झोप त्यात जाते.

लंगोटासाठी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर घ्या. कापड खरंच सुती आहे का, ते पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब लगेच जिरला तर ठीक, वर मोत्यासारखा उभा राहिला तर टेरिकॉटची भेसळ आहे. नव्या कापडाला खळ असते, ती गरम पाण्याच्या दोन धुण्यांनी काढून मगच ते वापरा.

सहावारी साडीचा पन्हा साधारण ११० सेंटीमीटर असतो. म्हणजे ५५ सेंटीमीटरचे चौकोन आडवे २ आणि उभे ९, एकूण १८. विरलेला भाग सोडला तर १४-१५ हाती लागतात. चौकोन तिरका दुमडला की दुहेरी त्रिकोण होतो, वेगळं शिवण लागत नाही. कडेला बारीक पिको पुरतो. जाड दुमड घातली तर ती जांघेत काचते. २५-३० लंगोट आणि १० दुपटी पुरतात. बाळ पावसाळ्यात येणार असेल तर लंगोट ४० करा, कारण तेव्हा वाळायला दोन दिवस लागतात.

धुताना नेहमीची चूक म्हणजे शीचा लंगोट थेट गरम पाण्यात टाकणं. डाग पक्का बसतो. आधी गार पाण्यात खळबळा, मग साबण. साबण पूर्ण निघेपर्यंत, निदान तीन पाण्यांतून काढा. कपडे मऊ करणारं द्रव घालू नका. त्याचा थर बसून कापड पाणी शोषेनासं होतं. वासाच्या जंतुनाशकाचं झाकणभर जास्त पडलं तरी कोवळ्या कातडीवर पुरळ येतं. कडक ऊन पुरेसं आहे. पावसात शेवटची ओल इस्त्रीने काढा. लालसर चट्टे दोन-तीन दिवसांत उतरले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू होतं आणि दुकानातले डबे खुणावू लागतात. डब्यावर ‘मॉल्ट’ लिहिलेलं असतं ते म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. नाचणीचं ते घरी होतं. अर्धा किलो नाचणी वेचून चार-पाच पाण्यांतून रोळून घ्या, कारण खडे तळाशी राहतात. रात्रभर भिजवा. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस वास येतो. निथळून ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधा. उन्हाळ्यात एका दिवसात, थंडीत दोन दिवसांत मोड दिसतात. तांदळाच्या दाण्याच्या निम्मे झाले की थांबा. लांब मोड आले तर पीठ कडवट होतं आणि त्या गुंत्यात बुरशी धरते.

पंख्याखाली दिवसभर वाळवा, मग तासभर ऊन द्या. मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. नाही फुटला तर आत ओल आहे आणि पिठाला जाळी धरणार. थोडं थोडं दळून मलमलीतून वस्त्रगाळ करा. वर राहिलेला कोंडा मोठ्यांच्या भाकरीत जातो.

एवढी खटपट कशासाठी? मोडामुळे पेज कमी घट्ट होते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. शिवाय लोह अंगी लागायला मदत होते. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, ते वेगळंच.

सुरुवातीला चहाचा एक चमचा पीठ अर्धा कप गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात टाकलंत तर गुठळ्या होतात. पाच-सात मिनिटं हलवत शिजवा, वर अर्धा चमचा तूप. चमचा वाकडा केला की पेज घरंगळावी, पाण्यासारखी सांडू नये. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ नको. मध तर चाटवायलाही नको, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. नुसत्या नाचणीवरही ठेवू नका, आठवड्याभराने मूगडाळ-तांदळाची खिमट सुरू करा.

लशींवर मात्र अनेक घरं विनाकारण हजारो रुपये घालवतात. बीसीजी (क्षयाची), पोलिओ, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच), रोटाव्हायरस (जुलाबाची), गोवर-रुबेला आणि २०२१पासून देशभर न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), या सगळ्या लशी सरकारी केंद्रात फुकट मिळतात. पेंटाव्हॅलंटऐवजी खासगीतली ‘न दुखणारी’ लस घेतली की ताप कमी येतो, हा फरक खरा आहे. तो परवडत नसेल तर मन खात बसू नका. कांजिण्या, फ्लू, हिपॅटायटिस ए या सरकारी यादीत नाहीत. पैसे राखायचे तर त्यांच्यासाठी राखा, आणि दोन्हीकडच्या नोंदी एकाच कार्डावर करा. ‘आज नाही, बुधवारी या’ असं ऐकावं लागतं, त्याला कारण आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी फोडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून बाळं जमण्याचा वार ठरवतात. आशाताईंकडून तो आधीच विचारून घ्या, रिक्षाचे पैसे वाचतील.

मुलगी असेल, जन्म १ एप्रिल २०२३चा किंवा त्यानंतरचा असेल आणि रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर अंगणवाडीत राज्य सरकारच्या ‘लेक लाडकी’ योजनेचा अर्ज विचारा. जन्माला ५,००० आणि पुढे टप्प्याटप्प्याने मिळून १,०१,००० रुपये होतात. उत्पन्नाची अट वार्षिक १ लाखाच्या आत आहे, दाखला आधी काढून ठेवा.

एका ठिकाणी काटकसर अजिबात नको. वरचं दूध डॉक्टरांनी सांगितलेल्या पावडरचं असेल, तर डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवू नका. बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि वजन मात्र थांबतं. माप डब्यातल्या चमच्याने, सपाट करून.

बाळंतविड्यात येणारी झबली-टोपडी पहिल्या तीन महिन्यांतच आखूड होतात. काय आणू, असं मावशी-आत्यांनी विचारलं की लाजू नका, वर्षाच्या मापाचे कपडे सांगा.