एका रिकाम्या रकान्यापायी गेलेला महिना

बागेचं थंडीतलं नियोजन म्हणजे माझ्यासाठी वही-पेन्सिलीचं काम. वाफ्यांचा नकाशा, यंदा कुठे काय लावायचं, बियांची यादी, सगळं दोन संध्याकाळीत उरकलं. अडलं ते माती परीक्षणापाशी.

गेली दोन वर्षं टोमॅटोची कोवळी पानं पिवळी पडत होती, शिरा मात्र हिरव्यागार. लोह कमी पडल्याची ही खूण. मातीत लोह असतंही, पण सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) फार वर गेला की झाडाला ते उचलता येत नाही. म्हणून लागवडीच्या चार महिने आधीच मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला.

नमुना अगदी पुस्तकात सांगतात तसा घेतला होता. आठ ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा, १५ ते २० सेंटीमीटर खोल, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून. कंपोस्टच्या ढिगाजवळची माती घेऊ नका. सगळी माती एकत्र करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवली, पिशवी भरली, अर्ज जोडला.

आणि मग काहीच नाही. फोन केला की ‘काम चालू आहे’. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्यातही तेच. चौथ्या आठवड्यात तिथे जाऊन उभी राहिले. माझी पिशवी खिडकीशेजारच्या टेबलावर, मी बांधलेल्या गाठीसकट जशीच्या तशी.

‘अर्ज अपूर्ण आहे, मॅडम.’

‘घ्यावयाचे पीक’ हा रकाना मी रिकामा सोडला होता. घरच्या बागेत पिकं नऊ आणि जागा एका शब्दाची! ‘एकच लिहा,’ म्हणाले. ‘टोमॅटो’ लिहिलं. अर्धं मिनिट लागलं असेल. बरं, सामू मोजायला पीक कोणतं हे लागतच नाही, ते लागतं खताची शिफारस करायला. अर्जावर माझा फोन नंबर स्वच्छ अक्षरात होता, पण एक फोन कोणी केला नाही. तेव्हा रकाना रिकामा ठेवू नका, आणि आठवड्याभरात पोच आली नाही तर फोनवर विसंबू नका, सरळ जा.

राहिलंच, माती गोळा करायला प्लास्टिकची बादली घ्या. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीने जस्ताचा आकडा फुगतो.

त्या रिकाम्या महिन्यात बसून जुन्या बिया तपासल्या. दहा-दहा मोजून ओल्या कागदात गुंडाळल्या, उबेला ठेवल्या. चार वर्षांपूर्वीच्या टोमॅटोच्या आठ उगवल्या. कांद्याचं बी दोनेक वर्षांतच दम सोडतं, माझं तीन वर्षांचं होतं, एकच उगवलं.

अहवाल पुढे आठ दिवसांत आला. सामू ८.१. भाज्यांना ६ ते ७ मानवतो. उपाय गंधकाचा, पण मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात तेव्हा सामू उतरतो, आणि गार मातीत ते रेंगाळतात. म्हणजे नमुना आधी पाठवून जे कमावलं ते टेबलावर गेलं. गंधक मिसळलंय, पण यंदा टोमॅटो मोठ्या कुंड्यांत, नव्या मातीत.

सेंद्रिय कर्बापुढे मात्र ‘भरपूर’ असा शेरा होता. सहा वर्षं पालापाचोळा कुजवतेय मी. त्या ओळीचा फोटो घरच्या सगळ्यांना पाठवला.