पप्पांना विमान लागलं, पण कानाला

जूनच्या पहिल्या आठवड्यात मावसभावाच्या लग्नासाठी मी पप्पांना घेऊन गोव्याच्या दाबोळी विमानतळावरून मुंबईला गेले. त्यांचा हा पहिलाच विमानप्रवास. बस लागते तसं विमानही लागेल म्हणून आईने पिशवीत आल्याच्या वड्या घातल्या होत्या. त्यांची गरज पडली नाही. विमान मागे ढकललं गेलं, एक इंजिन सुरू झालं, आम्ही हळूहळू धावपट्टीकडे निघालो आणि पायांखालून आवाज यायला लागला. भॉक... भॉक... भॉक. जाड लाकडावर बोथट करवत चालवावी तसा. पुढच्या रांगेतल्या बाईंनी नवऱ्याला विचारलं, "खाली कुणाचा कुत्रा ठेवलाय काय हो?" पप्पांनी मात्र माझं मनगट घट्ट धरलं.

"बाय, पंपाला हवा लागल्या. सांग त्यांना."

"कुणाला सांगू? गप्प बसा पप्पा."

ते गप्प बसले, पण डोळे मिटून ऐकत राहिले. अर्ध्या मिनिटाने म्हणाले, "न्हय, हवा नाही. हवा लागली की पंप खडी खाल्ल्यासारखा वाजतो. हे काहीतरी चालू होतंय, दाब जुळला की थांबतंय, परत चालू होतंय."

आमच्या वर्गात हे उत्तर दिलं असतं तर शिक्षकांनी पाठ थोपटली असती. मी त्याच विमानांच्या देखभालीचं काम करते, आणि आयुष्यात कधी विमानात न बसलेल्या माणसाने ३० सेकंदांत बरोबर निदान केलं होतं. ही पोस्ट त्यावरून.

पप्पांचं गोव्यातल्या साखळी गावाला गॅरेज होतं. पोकलेन (खोदकामाचं मशिन), लोडर, टिपरचे जॅक, होज पाइप, सील किट असली कामं. सुर्ला, पाळी, वेळगे या पट्ट्यातल्या खाणींवरून रात्री-अपरात्री बोलावणं यायचं. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, मधे थोडा काळ सुरू झाल्या आणि २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. दुसऱ्या वेळेला पप्पांनी शटर ओढलं ते ओढलंच. मी तेव्हा गोव्याबाहेर शिकत होते. फी कुठून आली ते मला फार नंतर कळलं, पण तो विषय वेगळा.

शाळा सुटली की मी गॅरेजातल्या लाकडी खोक्यावर बसून गृहपाठ करायचे. कुठलंही मशिन आलं की पप्पा आधी मशिनकडे बघायचेच नाहीत. त्याच्याखालची जमीन बघायचे. कुठे डाग पडलाय, किती मोठा, ताजा की जुना. मग म्हणायचे, "तेल खंय वता तें पळय." तेल कुठे जातंय ते बघ. घरात आम्ही कोकणी बोलतो, शाळा मराठी, आणि कामाची मॅन्युअलं इंग्रजी, त्यामुळे माझ्या डोक्यात हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर यंत्र चालवायचं शास्त्र, तीन भाषांत भरलेलं आहे.

त्यांनी शिकवलेली दुसरी गोष्ट अशी की पंप दाब तयार करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो. दाब होतो तो वाट अडवल्यामुळे. आजोळच्या कुळागरात पोफळींना पाणी सोडताना पाटाला मातीचा बांध घातला की पाणी चढतं, तसं. नव्या मुलांना शिकवताना मी अजून तोच पाट सांगते. दाब कमी दाखवतोय म्हणून लगेच पंपावर संशय घ्यायची सवय सगळ्यांना असते. पण पंप बिचारा ढकलतच असतो, कुठेतरी बांधच फुटलेला असतो. एखादा झडपेचा पडदा नीट बसत नसतो, आतल्या आत तेल परतीच्या नळीत पळत असतं.

तर तो कुत्रा. आम्ही बसलो होतो ते एअरबस ए३२०. त्यात हायड्रॉलिकच्या तीन स्वतंत्र यंत्रणा असतात, हिरवी, पिवळी आणि निळी. तेलाचा रंग नव्हे, नावंच तशी आहेत. हिरवीचा पंप डाव्या इंजिनावर, पिवळीचा उजव्या इंजिनावर, निळीला विजेचा पंप. तिघींचं तेल एकमेकींत मिसळत नाही, टाक्याही वेगळ्या. जमिनीवर इंधन वाचवायला एकच इंजिन चालू ठेवून टॅक्सी करतात, म्हणजे धावपट्टीपर्यंत चालवत नेतात, तेव्हा एका यंत्रणेला दाब असतो आणि दुसरीला नसतो. दोघींत ५०० पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब) जास्त फरक पडला की मधलं एक युनिट जागं होतं. त्याला आम्ही पीटीयू, म्हणजे पॉवर ट्रान्सफर युनिट म्हणतो. एका बाजूच्या तेलाने मोटर फिरते, तिच्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूचा पंप. ताकद पलीकडे जाते, तेलाचा थेंबही जात नाही. फरक भरून निघाला की युनिट थांबतं, दाब गळाला की परत सुरू. म्हणून ते भुंकणं. हे युनिट असतं विमानाच्या पोटात, मुख्य चाकांच्या खोलीजवळ, त्यामुळे मधल्या रांगांतल्या लोकांना ते जास्त ऐकू येतं.

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाब किती?"

"तीन हजार पीएसआय."

"बस्स?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. "आमच्या पोकलेनला पाच हजाराच्या आसपास असतो."

खरं आहे ते. मोठ्या पोकलेनचा मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, साधारण तेवढ्यालाच लावलेला असतो. बहुतेक प्रवासी विमानं मात्र अनेक दशकं ३००० पीएसआयवरच राहिली. ए३८०, ७८७, ए३५० या नव्या विमानांत तो ५००० झाला, आणि कारण ताकद वाढवणं हे नव्हतं, वजन कमी करणं हे होतं. दाब जास्त असला की तेवढंच काम लहान सिलिंडर आणि बारीक नळ्या करतात, तेलही कमी लागतं. पोकलेनला वजनाची काय पर्वा? उलट मागे लोखंडाचा ठोकळा बांधून वजन वाढवावं लागतं. विमानात एक किलो वाचवायला माणसं वर्षं घालवतात.

तीन हजार म्हणजे कमी असंही नाही. एका चौरस इंचावर सुमारे १३६० किलो. म्हणजे टपाल तिकिटाएवढ्या जागेवर एक मोटारगाडी. पिस्टनचं क्षेत्रफळ दहा चौरस इंच, म्हणजे जेमतेम तळहाताएवढं असलं तरी जोर साडेतेरा टनांवर जातो. चाकं वर ओढणं, पंखांचे फ्लॅप वाऱ्याविरुद्ध खाली ढकलणं, ब्रेक, शेपटीवरचं रडर, सगळं यावर.

पंपाची जात दोन्हीकडे एकच. गोल ठोकळ्यात साधारण नऊ पिस्टन, त्यांचे पाय एका तिरक्या थाळीवर टेकलेले. ठोकळा फिरला की थाळीच्या तिरकेपणामुळे पिस्टन पुढेमागे होतात, तेल ओढतात आणि ढकलतात. दाब हवा तेवढा झाला की थाळी सरळ व्हायला लागते. पूर्ण सरळ झाली की पंप फिरतोय पण पिस्टन जागेवर, बाहेर तेल जवळजवळ शून्य. इंजिन चालू असेपर्यंत हा पंप फिरतच राहणार, त्याला बंद करता येत नाही, म्हणून ही युक्ती. शिवाय त्याच्या दांड्यावर मुद्दाम एक बारीक मान ठेवलेली असते. पंप आतून जाम झाला तर ती मान तुटते आणि इंजिनाचा गिअरबॉक्स वाचतो.

अंगातलं थोडं तेल पंप स्वतःलाच थंड ठेवायला वापरतो आणि वेगळ्या नळीने परत पाठवतो. त्या नळीवर एक फिल्टर असतो. मला कुणी विचारलं की हायड्रॉलिकमधला सर्वांत बोलका भाग कोणता, तर मी हाच सांगेन. पंप मरायच्या आधी त्याच्या पिस्टनच्या पायांची पितळी झीज इथे येऊन बसते. पप्पा पोकलेनचं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरायचे आणि त्यात चमक दिसली की मालकाला म्हणायचे, "अभिनंदन, सोनं सापडलं." मालक रडकुंडीला यायचा. आम्ही काढलेलं फिल्टर उजेडात फिरवून बघतो तेव्हा मला दर वेळी ते फडकं आठवतं. फिल्टरच्या डोक्यावर लाल बटण असतं. जाळी तुंबली की ते टपकन वर येतं. आत सर्वो व्हॉल्व्हमधल्या, म्हणजे तेल बारकाईने सोडणाऱ्या झडपांमधल्या फटी काही मायक्रॉनच्या, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. त्यामुळे विमानाच्या हायड्रॉलिकमध्ये धूळ हा खरा शत्रू. खाणीच्या तांबड्या धुळीत पप्पांनी एवढी वर्षं ते काम कसं केलं, ही गोष्ट मला आता जास्त आश्चर्याची वाटते.

टाकीचं तुलनेत सोपं. फक्त एक गोष्ट: ३५ हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम चौथा हिस्सा असतो. टाकी उघडी ठेवली तर तेलाला फेस येईल आणि पंप उपाशी राहील. म्हणून इंजिनातून घेतलेल्या हवेने टाकीवर सतत दाब ठेवतात. पप्पांची "खडी" न वाजावी म्हणून.

अॅक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवून ठेवणारी टाकी, पप्पांना माहीत होताच. आत एकीकडे तेल, दुसरीकडे नायट्रोजन, मधे पिस्टन किंवा रबरी पडदा. ए३२०चं पार्किंग ब्रेक इंजिनं बंद असतानाही धरून राहतं ते याच्या जोरावर. नायट्रोजनच का, यावर गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं: "ऑक्सिजन लावणाऱ्याने आधी घरी सांगून यावे." दाबाखालचं तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

त्यांना माहीत नव्हतं ते तेल. पोकलेनचं तेल खनिज. प्रवासी विमानात जांभळं स्कायड्रॉल असतं. ते फॉस्फेट एस्टर, सहजी पेट घेत नाही हा त्याचा गुण, बाकी सगळे अवगुण. रंग उडवतं, त्वचा जाळतं, बोटाला कापलेलं असेल तर मिरची लागल्यासारखं होतं. आणि सील वेगळे लागतात. कोर्सला असताना आमच्या शिक्षकांनी साध्या नायट्रिल रबराची ओ-रिंग, म्हणजे सीलची गोल कडी, बरणीत स्कायड्रॉलमध्ये टाकून ठेवली होती. आठवड्याने काढली तर भिजत घातलेल्या वाटाण्यासारखी फुगलेली. माप तेच, रंग काळाच, पण रबर चुकलं की सगळं चुकलं. पप्पांच्या गॅरेजात ओ-रिंगचा एकच डबा होता, त्यातून मापाने शोधायची. इथे एकेक रिंग सीलबंद पाकिटात, वर पार्ट नंबर आणि तारीख.

मागच्या जुलैमधली एक रात्र. दाबोळीवर असा पाऊस की टॉर्चचा उजेड चार हातांवर संपत होता. फेरी मारताना डाव्या चाकाच्या खोलीत एका अॅक्चुएटरच्या (तेलाच्या दाबाने भाग हलवणाऱ्या सिलिंडरच्या) टोकाला जांभळा थेंब लोंबताना दिसला. गळती म्हणजे लगेच विमान उभं, असं नसतं. हलणाऱ्या सीलमधून किती थेंब चालतात त्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, आणि आम्ही घड्याळ लावून थेंब मोजतो. इथे मोजले तर मर्यादेबाहेर. माझा सिनियर अॅक्चुएटर बदलायच्या तयारीत होता. जमीन बघून काही कळणार नव्हतं, सगळा तळ पाण्याने वाहत होता. मी सगळं कोरडं पुसलं, विजेच्या पंपाने दाब चढवला आणि बघत बसले. हात लावून बघायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात, कारण सुईएवढ्या भोकातून ३००० पीएसआयने येणारं तेल कातडीतून आत शिरतं आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा धरायचा.

तेल अॅक्चुएटरमधून येतच नव्हतं. वरच्या एका नळीच्या जोडातून झिरपून, नळीच्या खालच्या अंगाने ओघळत ते खाली येऊन लोंबत होतं. जोडातली ओ-रिंग बसवताना चिमटली गेली होती. विमान पावणेदोन तास उशिरा गेलं, प्रवाशांनी आरडाओरडा केला, आणि बदललेली वस्तू अंगठीएवढी.

पप्पांना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "थेंब दिसतो तिथे गळत नसतं." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मुंबई जवळ आल्यावर विचारलं, "आणि तिन्ही गेल्या तर?"

मी खोटं बोलले नाही. १९८९मध्ये अमेरिकेत डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांमुळे तिन्ही यंत्रणा निकामी झाल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सू सिटीला आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. त्यानंतर त्या विमानात तेलाचे फ्यूज बसवले, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त तेल धावत सुटलं की ती वाट आपोआप बंद. आमच्या ए३२०ला दोन्ही इंजिनं बंद पडली तर पोटातून एक लहान पंखा बाहेर पडतो, वाऱ्याने फिरतो आणि निळ्या यंत्रणेला दाब देतो.

"फ्यूज बरा आहे," पप्पा म्हणाले. "आम्हाला मिळाला असता तर किती तेल वाचलं असतं." एकेका होजमागे बॅरलभर तेल खाणीच्या मातीत गेलेलं त्यांनी पाहिलंय.

परतताना दाबोळीला ऊन होतं, मान्सून दोन दिवस लांबला होता. शिडीने उतरलो, बस उभीच होती. पप्पा माझ्या मागे दिसेनात म्हणून मी वळले, तर ते शिडीच्या पायथ्याशी चपलेचा पट्टा बांधायला वाकले होते. त्यांच्या चपलेला पट्टा नव्हता. मान तिरकी करून ते चाकांखालचं काँक्रीट बघत होते. सुरक्षावाल्याने हाक मारली तसे उठले, चष्मा पुसला आणि बसमध्ये चढताना हळूच म्हणाले, "कोरडं आहे."